‘हेवी’ आहे म्हणे!

“पिक्चर कसाय?” या प्रश्नाला आपल्याकडे पूर्वी तीन उत्तरं पुरायची. भारी, बोअर आणि टाइमपास. आता चौथं आलंय. ‘हेवी’.

मोठं बेरकी विशेषण आहे हे. बोअर म्हणावं तर आपलीच अक्कल निघते. भारी म्हणावं तर समोरचा लगेच तिकिटं काढायला सांगतो. ‘हेवी आहे यार’ म्हटलं की पिक्चरला मानही दिला जातो आणि आपली सुटकाही होते. तुमच्या वॉचलिस्टमध्ये असे किती पडून आहेत, बघा एकदा. ‘कोर्ट’ असेल, ‘फँड्री’ असेल, कुणाच्या तरी आग्रहावरून टाकलेला एखादा इराणी असेल. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकललेल्या कारल्यांसारखे. टाकवत नाहीत आणि करवतही नाहीत.

यामागचं लॉजिक तसं पटण्यासारखं आहे. दिवसभर ऑफिस, दोन तास ट्रॅफिक, रात्री अकराला ‘क्विक कॉल’, ईएमआय, आईचं ‘तुझं पुढे काय ठरलंय?’ एवढं सगळं झाल्यावर शुक्रवारी रात्री कोण कुणाच्या मरणाची गोष्ट बघणार? माझा एक मित्र म्हणतो, “रडायचंच आहे तर फुकटात रडेन की. सॅलरी स्लिप आहे.”

हा ‘पैसे देऊन रडायचं कशाला’वाला प्रश्न घेऊन यावेळी मी आटपाडीला गेले. आता तुम्ही विचाराल, आटपाडीलाच का? तर मंडळी, आपल्या देशातल्या एका गाजलेल्या ‘हेवी’ पिक्चरचं मूळ तिथं आहे.

सांगली जिल्ह्याचं हे वरचं टोक. एका बाजूला साताऱ्याचा माण, दुसऱ्या बाजूला सोलापूरचं सांगोलं. पुण्याहून फलटण, म्हसवड, दिघंची असं करत गेलात की झाडं विरळ व्हायला लागतात, मेंढ्या वाढायला लागतात आणि फोनची रेंज आपला मूड बघून येते-जाते. हा माणदेश. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो, तोही न जेवता जाणारा. गेल्या काही वर्षांत टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात. पण बोलताना अजूनही लोक वर्षं मोजतात ती दुष्काळावरून. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोघे भाऊ याच तालुक्यातले, शंकरराव खरात आटपाडीचेच. एवढ्याशा कोरड्या जमिनीतून एवढं साहित्य कसं उगवलं, हा वेगळ्या कॉलमचा विषय. असो.

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारवाले म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला माहीत असलेले. १९३० च्या दशकाच्या शेवटी या राजानं एक अचाट गोष्ट होऊ दिली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेली कल्पना होती ती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना आटपाडीजवळच्या माळावर आणून ठेवायचं. भिंत नाही, साखळदंड नाहीत. शेती करा, घर करा, बायकापोरांना आणा, आणि पळून जाऊ नका. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. ही वसाहत आजही आहे.

या स्वतंत्रपूरवरून गदिमांनी गोष्ट लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये तिचा सिनेमा केला. ‘दो आँखें बारह हाथ’. सहा खुनी, एक जेलर, एक उजाड माळ. आधीचा ‘झनक झनक पायल बाजे’ रंगीबेरंगी आणि नाचगाण्यांनी भरलेला. तो चालल्यावर हाच माणूस असला विषय घेतो, तोही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये! आजच्या भाषेत सांगायचं तर मार्केटिंग टीमनं राजीनामा दिला असता. वर शूटिंगमध्ये बैलाशी झुंज घेताना शांतारामबापूंच्या डोळ्याला जबर दुखापत झाली. आणि शेवटी जेलर मरतो. हो, हिरो मरतो. स्पॉयलरबद्दल सॉरी, पण सिनेमाला साठाच्या वर वर्षं झालीत, आता तरी माहीत हवं.

पुढे १९५८ मध्ये बर्लिनला त्याला सिल्व्हर बेअर मिळालं, इकडे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यातली प्रार्थना आपण सगळ्यांनी शाळेत, उन्हात उभं राहून, पाय बदलत म्हटलेली आहे. पण यातला एकही खुनी प्रेक्षकाला घाबरवून सोडून देत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मधेच संध्या खेळणी विकत येते, गाणं म्हणते. भाजी पिकते. माणसं हसतात. मग बैल येतो.

तर आटपाडीत. बसस्टँडजवळ एका मोबाइलच्या दुकानात मी स्क्रीनगार्ड बदलायला थांबले आणि तिथंच पहिला सर्व्हे उरकला. दुकानदार पंचविशीचा. ‘हेवी’ पिक्चर बघतोस का, या प्रश्नावर आधी हसला.

“ताई, खोटं कशाला सांगू? आमी साउथचं डब केल्यालं बघतो. एक माणूस पन्नास जनांना मारतोय, डोकं शांत व्हतं.”

“आणि दुष्काळाबिष्काळावरचे?”

“त्ये तुमी बघा की. आमी राहतोय त्यात.”

बोला! गावातला माणूस कसा अस्सल, वास्तववादी सिनेमाचा भोक्ता असतो, असं काही मनात ठेवून तुम्ही तिथं गेलात तर हा भाऊ दोन मिनिटांत तुमचा स्क्रीनगार्ड आणि गैरसमज दोन्ही बदलून देतो. त्याचं आणि माझ्या सॅलरी स्लिपवाल्या मित्राचं म्हणणं शब्दाशब्दाला एकच आहे. दोघांनाही दिवसभर पुरेसं मिळालेलं असतं.

पण दुकानाच्या आत खुर्चीवर त्याची आजी बसली होती. तिनं मधेच तोंड घातलं. “आमी बघायचो की रडायचं पिक्चर. ‘म्हायेरची साडी’ चार बारीला बघितला मी.”

‘माहेरची साडी’! १९९१ चा. अलका कुबल. आपल्या ग्रुपमध्ये हे नाव निघालं की लोक सोफ्यावरून खाली पडून हसतात. सासुरवासाचा कळस, अश्रूंचा महापूर, मीम्सचा अक्षय ठेवा वगैरे. आजींना मी विचारलं, कुठं बघितला?

“जत्रंत. तंबूत. ट्रॉलीत बसून गेलतो समद्या बायका.”

तंबूतला सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला नसेल. पुसेगावच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रांत टुरिंग टॉकीज यायची. ट्रकवर प्रोजेक्टर, कापडी तंबू, खाली माती. या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाची फार सुरेख डॉक्युमेंटरी २०१६ मध्ये आली. वॉचलिस्टमध्ये टाका. आणि बघा, प्लीज.

“चार वेळा कशाला पण आजी? गोष्ट तर माहीत झाली होती.”

आजी माझ्याकडं जरा वेळ बघत राहिल्या, मला कितपत कळेल याचा अंदाज घेत असाव्यात. मग म्हणाल्या, “बाई, घरात रडाय जागा कुठं व्हती? रडलं की सासू इचारायची, काय झालं? नवरा इचारायचा, कोन मेलं? तंबूत रडलं की कोन इचारत न्हाई. समद्याच रडत असत्यात. मग भायेर येऊन भेळ खायची.”

नातू मोबाइलवर काचेचा बुडबुडा काढत होता. त्याला हे नवीन असावं. त्याचा हात थांबला होता.

मी तेव्हापासून या वाक्याला धरून बसले आहे. कारण आपण ‘हेवी’ची चर्चा करतो ती नेहमी पिक्चरबद्दल. त्यात दुःख किती, मरतं कोण, शेवट कसा. आजी सांगत होत्या ते बसायच्या जागेबद्दल. अंधार, शेजारी ओळखीच्या बायका, बाहेर आल्यावर भेळ. दुःख तेवढंच, पण ते उचलायला ट्रॉलीभर माणसं.

१९७२ च्या ‘पिंजरा’चं गणितही मला असंच दिसतं. डॉ. लागूंचा आदर्श मास्तर तमाशातल्या बाईच्या नादी लागून धुळीला मिळतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात फासावर जातो. याहून काळाकुट्ट प्लॉट शोधून दाखवा. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. लावण्या बघायला गेले आणि फाशी बघून आले. कुणी ‘हेवी आहे’ म्हटल्याचं निदान माझ्या घरातल्या थोरांना तरी आठवत नाही. ते अजून गाणी गुणगुणतात.

हां, आता सगळंच रडून आणि भेळ खाऊन निभावतं, असंही नाही. हे मला सांगितलं एका निवृत्त मास्तरांनी. त्यांच्या ओसरीवर चहा झाला. (माणदेशात चहाला नाही म्हणायचं नसतं. मी दिवसात सात घेतले.) मास्तरांनी ‘बनगरवाडी’ वाचलीय, अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये केलेला सिनेमाही बघितलाय. मेंढ्या मरतात, गाव उठून जातं, मास्तर एकटा उरतो. तो बघून काय वाटलं, विचारलं तर म्हणाले, “चांगला आहे. पण आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याच घरचं.”

मग ‘फँड्री’ निघाला. नागराज मंजुळेंचा हा पिक्चर १४ फेब्रुवारी २०१४ ला, व्हॅलेंटाइन डेच्या मुहूर्तावर लागला होता. पोरगा-पोरगी, शाळा, काळी चिमणी. बऱ्याच जोड्या गुलाब घेऊन थिएटरात गेल्या असणार. आणि मग ती डुक्कर पकडण्याची धावपळ, भर पळापळीत राष्ट्रगीत सुरू होतं म्हणून ताठ उभं राहिलेलं कुटुंब, बघून हसणारं गाव, आणि शेवटी जब्यानं सरळ कॅमेऱ्याकडं, म्हणजे तुमच्या-माझ्याकडं भिरकावलेला दगड. कट.

मास्तर म्हणाले, “‘माहेरची साडी’ बघून मोकळं वाटतं. आपण रडणाऱ्याच्या बाजूचे असतो ना. ‘फँड्री’त तसं करता येत नाही. तो दगड येतो तेव्हा आपण त्या हसणाऱ्या गर्दीत बसलेलो असतो. मग घरी येऊन माणूस म्हणतो, पिक्चर जरा जास्तच झाला.”

‘जरा जास्तच झाला’ म्हणजे आपलं ‘हेवी’च. मला वाटतं, मास्तरांनी या शब्दाची बरोबर फोड केली. काही पिक्चर दुःखानं जड असतात, काही हिशोबानं. दुसऱ्या जातीचे आपण पुढे ढकलतो आणि कारण सांगतो पहिल्या जातीचं. थकलोय, डोकं चालत नाही, वीकेंडला बघू.

त्याच ओसरीवर मास्तरांची पुतणी होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ‘सैराट’ बघितलास का, हा प्रश्न माणदेशात विचारणं म्हणजे पाणी पितेस का, असं विचारणं आहे. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे जवळपास शेजारची. २९ एप्रिल २०१६ ला पिक्चर लागला आणि शंभर कोटींच्या पुढं गेलेला पहिला मराठी पिक्चर ठरला. तिकडं साताऱ्यात रहिमतपूरला रात्री बाराचे खेळ लावावे लागले होते. लोक गाण्यांवर नाचायचे, पडद्यावर पैसे उधळायचे. आणि शेवटी, तुम्हाला आठवत असेल, एकदम आवाज बंद. अख्खं थिएटर, मघाशी नाचणारं, श्वास धरून बसलेलं. लहान पोराची लाल पावलं. मराठी प्रेक्षकाला ‘हेवी’ झेपत नाही म्हणणाऱ्यांनी हा एकच पुरावा बघावा. जेवढा आनंद आधी दिला होता, तेवढं दुःख लोकांनी घेतलं. आणि परत तिकीट काढलं.

पुतणी म्हणाली, “मी तेव्हा चौथीत होते. पप्पांनी सगळ्यांना नेलं होतं. आम्ही लई नाचलो. शेवट झाला तेव्हा मला कळलंच नाही नीट. बाहेर आल्यावर पप्पा ताईकडं बघून म्हणाले, ‘बघितलंस ना?’ एवढंच.”

“मग?”

“मग काही नाही. ताईचं त्याच वर्षी लग्न केलं.”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मास्तर उठून आत गेले, कशाला ते माहीत नाही.

“आता मोबाइलवर बघते मी कधी कधी,” ती म्हणाली. “पण हैदराबादेत त्यांचं बाळ होतं ना, तिथंच बंद करते. पुढचं बघत नाही.”

“फार हेवी होतं म्हणून?”

“नाही मॅडम. पुढचं माहितीये.”

‘सैराट’वर मी स्वतः दोनदा लिहिलंय. कॅमेरा, एडिटिंग, सायलेन्सचा वापर, सगळं. पण एकच शेवट बघून दिग्दर्शकाला जे म्हणायचं होतं त्याच्या बरोबर उलटा अर्थ एक बाप आपल्या मुलीला दाखवू शकतो, आणि दुसरी मुलगी वर्षानुवर्षं तो शेवट होऊच देत नाही, हे मी कुठल्या रिव्ह्यूत वाचलं नव्हतं. जातीबाहेर लग्न केलं म्हणून खून झाला की आपल्याकडच्या बातम्यांत ‘सैराट’ हा शब्द मथळ्यात येतो, हेही तुम्ही बघितलं असेल. अर्थात तो शब्द पळून जाणाऱ्या पोरांचा होता. तो मारणाऱ्यांच्या कामाला चिकटवला गेला, हे मला अजिबात आवडत नाही. पण ते कॉपी डेस्कवर बसणाऱ्यांना सांगायचं, प्रेक्षकांना नाही. हिंदीवाल्यांनी तर २०१८ मध्ये ‘धडक’ करताना मुलीला जिवंतच ठेवलं आणि जातीचा विषय पातळ करून टाकला. पुतणीला तो कसा वाटला, विचारलं. म्हणाली, “गाणी तीच हायत.” बास, समीक्षा संपली.

परतीच्या वाटेवर मी आपल्या बाजूचा हिशोब मांडत होते. आपल्याकडं काय नाही? रिक्लायनर आहेत, चीज पॉपकॉर्न आहे, घरी भिंतभर टीव्ही आहे. माझ्या एका मैत्रिणीनं २०१६ च्या जानेवारीत आई-बाबांना कौतुकानं ‘नटसम्राट’ला नेलं. नाना पाटेकर, म्हातारपण, मुलांनी घराबाहेर काढलेला बाप. तिघंही तिकडं धो धो रडले. मग लिफ्ट, बेसमेंट पार्किंग, कार्ड पेमेंट. गाडीत वीस मिनिटं कुणी बोललं नाही. शेवटी बाबा म्हणाले, “सिग्नल लागलाय.” त्याच आठवड्यात तिला दुबईची ऑफर आली होती आणि ती अजून घरी सांगितली नव्हती. आजही ती म्हणते, ‘नटसम्राट’ फार हेवी आहे, कुणी आई-बाबांना नेऊ नका.

आता सांगा, यात पिक्चरची काय चूक?

ओटीटीवर तर याहून गंमत. माणूस मेलेला असतो, तुमच्या घशात काहीतरी अडकलेलं असतं, आणि श्रेयनामावली एकदम छोटी होऊन कोपऱ्यात जाते. पुढचा शो सुरू व्हायला पाच, चार, तीन... कुणीतरी दुसऱ्याच कॉमेडीत धावत येतं. तंबूवाला बरा म्हणायचा. तो निदान रीळ गुंडाळेपर्यंत थांबायचा.

मला स्वतःला हेवी पिक्चर आवडतात, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पण एकटीनं, रात्री बारा वाजता, कानात इअरफोन घालून बघायला ते केलेले नाहीत, असं माझं आता ठाम मत झालंय. २००४ चा ‘श्वास’ आठवतोय? डोळे जाणार असलेलं पोर आणि त्याला शहर दाखवत हिंडणारे आजोबा. त्याला ऑस्करला पाठवायचं ठरल्यावर शाळेतल्या पोरांनीसुद्धा पैसे गोळा केले होते. एवढा रडवणारा पिक्चर, आणि लोकांनी तो वर्गणी काढून खांद्यावर घेतला. गणपतीसारखा.

तर या शुक्रवारी माझ्याकडं ‘दो आँखें बारह हाथ’ आहे. सॅलरी स्लिपवाला येतोय. दुबईवाली सुट्टीवर आलीय, तीही येतेय, आणि बाबांना घेऊन येतेय. बाबांनी फोनवर विचारलं, किती वाजता संपेल? म्हटलं, पिक्चर साडेदहाला संपेल. तुम्हाला घरी सोडायला बारा वाजतील.

भेळ मी आणतेय. रुमाल ज्याचा त्यानं आणावा.